किटलीखालची ओळ

सरांना लग्नाची पत्रिका द्यायला जाणं धोक्याचं असे. पत्रिका ते दोन्ही हातांनी घेत, आधी मागची बाजू बघत, मग पुढची, आणि चष्मा कपाळावर चढवून विचारत, "हे लिहिलंय कुणी?" समोरचा म्हणे, बाबांनी. "कुणासाठी?" तुमच्यासाठीच, सर. "कशासाठी?" इथपर्यंत लोक हसत असत. मग चौथा प्रश्न येई. "आणि यात कोण नाही?"

आइंडहोवनच्या एका मराठी मुलाच्या पत्रिकेत त्याची आत्या नव्हती. तिच्याशी घरच्यांचा अबोला आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सरांनी 'आमचे येथे' पासून 'आपले नम्र' पर्यंत बोट फिरवत नेलं आणि बापाला बहीण नाही वाटतं, एवढंच विचारलं. नवरा मुलगा लाल झाला, पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि निघून गेला. मी हादरून सरांकडे बघत राहिलो. सरांनी एक पेढा उचलून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. धक्का बसलेल्या माणसाला गोड लागतं, हे मला त्यांच्याकडेच नोकरी करताना कळलं.

सर आमच्या शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकवत. फेल्डहोवनजवळची ही आंतरराष्ट्रीय शाळा, त्यात संगणकाच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्या देशोदेशीच्या इंजिनियरांची मुलं. मूळचा सांगलीचा एक मराठी माणूस नेदरलँड्समध्ये बसून जगभरच्या मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवतो, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यात कुठेतरी छपाईची चूक असावी असं मला वाटलं होतं. त्यात भर म्हणजे सर अमेरिकेला कधी गेलेच नव्हते. पालकसभेत एकाने तसं टोचून विचारलं, तर सर शांतपणे म्हणाले की पेशवाई शिकवणारे तरी कुठे शनिवारवाड्यात राहून आलेत.

शाळेने विषयाला रंगीत, गुळगुळीत, चांगलं जाडजूड पाठ्यपुस्तक दिलं होतं. सरांनी त्याच्या प्रती प्रोजेक्टरखाली रचल्या होत्या. शाळेच्या समन्वयक बाई, उंच, सरळ बोलणाऱ्या डच बाई, एकदा ते बघून गेल्या. सर म्हणाले, फार उपयोगी पुस्तक आहे, त्याच्याशिवाय भिंतीवर चित्र नीट पडत नाही.

त्यांचा सगळा विषय एका केळ्याच्या खोक्यात होता. सुपरमार्केटमधून आणलेलं पुठ्ठ्याचं खोकं, दोन बाजूंना हात घालायला भोकं. आत जुन्या कागदांच्या छायाप्रती. पळून गेलेल्या गुलामाला पकडून द्या म्हणून मालकांनी वर्तमानपत्रांत दिलेल्या जाहिराती. अमुक वर्णाच्या माणसाला हे घर कधी विकणार नाही, असं लिहून दिलेली खरेदीखतं. बोटीवरून उतरणाऱ्यांच्या नोंदी, कोर्टातल्या साक्षी. पाठ्यपुस्तक म्हणजे दुसऱ्याने चघळून दिलेला घास, असं त्यांचं म्हणणं. मुलांना चावायला द्यायचं, मग दात दुखले तरी चालतील. गंमत म्हणजे या कागदांतला एकही अस्सल नव्हता, सगळ्या झेरॉक्स, तरी त्यांना हात लावण्याआधी सर साबणाने हात धुवायला लावत. मी पहिल्या आठवड्यात म्हणालो, सर, झेरॉक्स आहे हो. त्यावर ते म्हणाले, "कागद झेरॉक्स आहे. माणसं नाहीत."

वर्गात 'भयंकर' या शब्दाला बंदी होती. एखाद्या मुलाने जाहिरात वाचून भयंकर म्हटलं की सर विचारत, ते कागदावर कुठे लिहिलंय, दाखव. आधी वाचा, मग रडा, असं त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. मुलांनी ते मराठीतच पाठ केलं होतं. एक ब्राझीलचा मुलगा परीक्षेच्या आधी छातीवर क्रॉस काढून "आधी वाचा, मग रडा" म्हणे. त्याच्या आईला ती कसली तरी भारतीय प्रार्थना वाटायची.

माझ्यावरही ही बंदी लागू होती. एकदा वर्गासाठी कागद लावताना मला एका हिंदुस्थानी माणसाच्या खटल्याचे कागद मिळाले. शंभरेक वर्षांपूर्वी या माणसाने अमेरिकेचं नागरिकत्व मिळावं म्हणून कोर्टाला सांगितलं होतं की मी गोराच आहे, आणि वर उच्च जातीचाही आहे. कोर्टाने नाही म्हटलं ते म्हटलंच. मी खुर्चीत बसलो. त्याच महिन्यात आम्ही नवराबायको डच नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी खेमेंतेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वेबसाइटवर कागदपत्रं चढवत होतो, आणि आपण किती सभ्य, किती शिकलेले, किती वेळेवर कर भरणारे, हे सांगायला मी प्रत्येक ओळीत जीव टाकत होतो. सरांनी माझा चेहरा बघितला आणि विचारलं, काय झालं. मी म्हटलं, भयंकर आहे हो सर. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा.

आता मी तिथे कसा, ते सांगायला हवं. माझी बायको त्या चिपच्या यंत्रांतल्या आरशांवर काम करते. मी तिच्या परवान्याच्या शेपटाला धरून या देशात आलो. पुण्यात मी सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहायचो. बटण दाबण्यापूर्वी वायर लावली आहे याची खात्री करा, हे माझं साहित्य. इथे दोन वर्षं मी पोळ्या लाटल्या आणि अर्ज केले. मग या शाळेत 'इतिहास विभागात सहायक' अशी जागा निघाली, आणि मुलाखतीला समोर सर.

माझा बायोडेटा त्यांनी उलटा करून बघितला. मागे कोरा होता.

"हे कुणी लिहिलं?"

मी म्हटलं, मी.

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, सर."

"मग यात खरं कुठे असेल?"

त्यांनी बोट एका जागी ठेवलं. पुण्याची नोकरी संपली त्या ओळीच्या आणि आजच्या तारखेच्या मधे मी मोठ्या हुशारीने जागा सोडली होती, आणि कुणाला दिसू नये म्हणून अक्षरं मोठी केली होती. सर म्हणाले, ही दोन वर्षं कुठे आहेत? मी खरं सांगितलं, घरी होतो, स्वयंपाक करत होतो. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांची बायको डेल्फ्टच्या विद्यापीठात मोठी संशोधक. तेही असेच मागून आलेले, माझ्या कितीतरी आधी. सोमवारी सकाळी भरलेले डबे घेऊन ते डेल्फ्टहून ट्रेनने येत, इथे एका खोलीत राहत आणि शुक्रवारी रिकामे डबे वाजवत परत जात. ते म्हणाले, "पुढे गेलेल्याला रस्ता दिसतो. मागून येणाऱ्याला सामान दिसतं. मला सामान बघणारा माणूस हवाय." मला नोकरी मिळाली. मिळाली याचा आनंद व्हायला दोन दिवस लागले, आधी धक्काच ओसरेना. त्या दिवसापासून मला ते 'लेखनिक' म्हणू लागले.

सरांची सायकल हा वेगळा विषय. या देशात पाय फुटायच्या आधी मुलं सायकल चालवतात. सर ती हातात धरून चालत. सायकलींच्या लाल रस्त्याच्या कडेने, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी, आणि मागून सत्तरीतल्या आज्या घंटा वाजवत त्यांना ओलांडून जात. मी विचारलं, चालवायची नाही तर आणता कशाला? म्हणाले, "हिला दिवा आहे." हिवाळ्यात इथे साडेचारलाच अंधारतं, हे खरं आहे. पण दिव्यासाठी सायकल पाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सगळं बिघडायला सुरुवात झाली ती एका वंशावळीवरून. सरांनी मुलांना गृहपाठ दिला की घरातला कुठलाही एक कागद घ्या आणि त्याला आपले चार प्रश्न विचारा. वर्गात शेजारच्या बेस्ट नावाच्या गावाहून येणारी एक मराठी मुलगी होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत किंवा डचमध्ये. तिच्या दिवाणखान्यात त्यांच्या घराण्याची वंशावळ फ्रेम करून लावलेली होती. वडिलांनी गावाकडून करून आणली होती, मोठं झाड, फांद्याफांद्यांवर नावं. मुलगी त्या झाडासमोर वही घेऊन बसली. घरात त्या वेळी आजी-आजोबा पुण्याहून आलेले, जेवणं चाललेली. चौथ्या प्रश्नाला ती अडली, आणि तिने जेवणाच्या टेबलाकडे वळून विचारलं की या झाडावर एकसुद्धा बाई कशी नाही, मग ही सगळी माणसं झाली कुणापासून.

आजीला तेवढं इंग्रजी कळेना. तिने विचारलं, काय म्हणतेय ही? नातीने मोडक्या मराठीत सांगितलं. आजी हातातला घास तसाच धरून उठली, झाडाजवळ गेली, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघून आली आणि आजोबांना म्हणाली, "अहो, खरंच की. मी कुठाय?" आजोबा त्या रात्री कुणाशी बोलले नाहीत. आजी मात्र नातीबरोबर भरपूर बोलली. माहेरची नावं, आईचं नाव, आईच्या आईचं नाव. मुलीने ती सगळी पिवळ्या चिकट कागदांवर लिहून फ्रेमच्या काचेवर डकवली.

हे मला मुलीच्या वडिलांनीच सांगितलं, मराठी मंडळाच्या दिवाळीत, फराळाची ताटली हातात धरून. माणूस वाईट नव्हता, फार भांबावला होता. "अहो, इतिहास अमेरिकेचा ना? मग तो माझ्या हॉलमध्ये काय करतोय?" एवढंच ते परत परत म्हणत होते. मी चकलीचा तुकडा तोंडात टाकून मान हलवली. चकलीला आवाज होता, तेवढं बरं होतं.

त्यांनी शाळेला लेखी तक्रार केली. मग आणखी काही पालकांची आली, वेगवेगळ्या देशांच्या. मुलं घरातले भाडेकरार वाचायला लागली होती, आजोबांचे लष्करातले फोटो उलटे करून बघायला लागली होती, एकीने आईबापांच्या घटस्फोटाच्या कागदाला चार प्रश्न विचारले होते. शिवाय गुण कमी पडत होते, कारण परीक्षा पाठ्यपुस्तकावर होती. समन्वयक बाईंनी सरांना बोलावून आडपडदा न ठेवता सांगितलं की मी एक तास वर्गात येऊन बसणार आहे. पटलं तर ठीक. नाही पटलं तर पुढच्या वर्षीपासून हा विषय बंद, मुलांना पुस्तकाचा ऑनलाइन कोर्स दिला जाईल, आणि तुमचा करारही तिथेच थांबेल.

सर वर्गखोलीत आले, त्यांनी किटली लावली आणि सांगितलं, गुरुवारी बाई येणार, आपण मालमत्तेची यादी घेऊ.

मी म्हटलं, दुसरं काहीतरी घ्या ना. ती यादी त्यांच्या खोक्यातली सगळ्यात किचकट. एक श्रीमंत शेतमालक मरतो, त्याच्या वारसांसाठी कारकून घरभर फिरून मालमत्ता लिहून काढतो. अक्षर गिचमिड, डाग पडलेले, कशाखाली काय याचा मेळ नाही. पलंग, आरसा, आरशाखाली म्हातारा माणूस, मग बंदूक, मग लोखंडी किटली, किटलीखाली नऊ वर्षांची मुलगी, तिच्याखाली गाय, मग मोडका नांगर. माणसांनाही किंमत लावलेली, भांड्यांच्याच रकान्यात. वाचताना डोळेही दुखतात आणि दुसरंही काहीतरी. सर म्हणाले, "तीच घ्यायची. तुम्ही प्रती काढा."

प्रती काढा, एवढंच सांगितलं होतं. पण माझ्यातला माहितीपुस्तिकावाला जागा झाला. मला सरांची नोकरी वाचवायची होती, आणि मला येणारी एकच गोष्ट म्हणजे गिचमिड आवरणं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बायकोचा लॅपटॉप घेऊन मी बसलो. सगळी यादी टंकली. शीर्षकं दिली. माणसं वेगळी काढली, जनावरं वेगळी, भांडी वेगळी, शेतीची अवजारं वेगळी. माणसांचा भाग मी मुद्दाम सगळ्यात वर घेतला, त्यांचा मान म्हणून. पार्श्वभूमी फिकट निळी ठेवली, डोळ्यांना बरी. जनावरांपुढे छोटी गाय टाकली, भांड्यांपुढे भांडं. माणसांपुढे टाकायला संगणकात एकच चिन्ह मिळालं, गोल चेहऱ्याचं, हसरं. ते मी प्रत्येक नावापुढे टाकलं. बायकोने खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाली, आत्ता कुठे वाचता येतंय. मला स्वतःचाच अभिमान वाटला. हे लिहिताना माझे कान गरम झालेत.

गुरुवारी समन्वयक बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. सर वर्गात कधीच बसत नसत, आणि मुलांना दिलेला कागद स्वतः कधी बघत नसत, कारण सगळे पाठ होते. मी कागद वाटले आणि माझ्या जागी, किटलीच्या टेबलाजवळ, हात बांधून उभा राहिलो.

सरांनी विचारलं, काय दिसतंय?

मुलांनी वाचलं. नेहमी ही यादी वाचताना वर्गात कशी शांतता पसरते ते मी बघितलेलं होतं. आज तसं काही झालं नाही. एक मुलगा म्हणाला, शेत आहे. दुसरी म्हणाली, श्रीमंत माणसाचं. पहिल्या बाकावरचा डच मुलगा मन लावून बघत होता. तो म्हणाला, "ओव्हरझिख्तलिक." नीटनेटकं, एका नजरेत कळणारं. डच माणसाकडून कागदाला याहून मोठी शाबासकी मिळत नाही. मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली. मागे बाई काहीतरी लिहून घेत होत्या. ब्राझीलच्या मुलाने जांभई दिली.

सरांनी पुन्हा विचारलं, अजून काय दिसतंय? एकाने खांदे उडवले. तेव्हा ते पहिल्या बाकाजवळ गेले आणि त्यांनी तो कागद उचलला.

आधी ते तो उलटा करून बघतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी उलटा केला नाही. त्यांनी चष्मा काढला, खुर्ची ओढली आणि ते बसले. वर्गातल्या सगळ्या मुलांनी माना वर केल्या. ते माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "हे तुम्ही केलंत?"

मी म्हटलं, हो सर. नीट वाचता यावं म्हणून.

त्यांनी मान डोलावली, जशी डॉक्टर रिपोर्ट बघून डोलावतो. मग उठून हात धुतले, खोक्यातून आपली जुनी प्रत काढली, प्रोजेक्टरवर लावली आणि मुलांना सांगितलं की आता हा कागद बघा. क्रमाने, वरून खाली, एकेक ओळ.

पलंग. आरसा. म्हातारा माणूस. बंदूक. आता शांतता पसरू लागली. बेस्टची ती वंशावळीवाली मुलगी ओठ हलवत वाचत होती. मधेच थांबली, हात वर न करताच बोलली. ती इंग्रजीत बोलली, पण मला ते आजही मराठीतच ऐकू येतं.

"हा लिहिणारा माणूस चालतोय. आधी झोपायच्या खोलीत होता. आता स्वयंपाकघरात आलाय. किटली लिहिली, आणि पुढची ओळ ही. म्हणजे ती किटलीजवळ उभी होती."

मग जरा वेळाने म्हणाली, "तो तिच्याकडे बघून लिहीत होता. आणि मग मागच्या दाराने गोठ्यात गेला."

मी ती यादी टंकली होती. प्रत्येक शब्द माझ्या बोटांखालून गेला होता. ती मुलगी चुलीपाशी उभी आहे हे मला दिसलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला दिसू नये अशी व्यवस्था मी फिकट निळ्या रंगात करून ठेवली होती. पहिल्या बाकावरच्या डच मुलाने माझा कागद हळूच पालथा घातला.

मला वाटलं संपलं. पण सर म्हणाले, पालथा नको घालूस. तोही अस्सल कागद आहे. विचारा त्याला चार प्रश्न.

आणि मग त्या मुलांनी माझी जी काही चिरफाड केली, ती मी उभ्याउभ्या बघितली. हे कुणी लिहिलं? आपल्याच शाळेच्या प्रिंटरवर छापलंय, कोपऱ्यात तीच काळी रेघ आहे. ज्याला आवरायला आवडतं अशा माणसाने. कुणासाठी? ब्राझीलच्या मुलाने मागे वळून समन्वयक बाईंकडे बोट दाखवलं. बाईंनी लिहिणं थांबवलं. कशासाठी? त्यांना वाचताना त्रास होऊ नये म्हणून. एकजण म्हणाला, माणूस चांगला असावा, माणसांना त्याने सगळ्यात वर घेतलंय. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

चौथा प्रश्न राहिला. यात कोण नाही? मुलं म्हणाली, सगळे आहेत, कुणीच गळलेलं नाही. बेस्टची मुलगी बराच वेळ कागद बघत राहिली. मग तिने त्या गोल चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून, त्या दिवशी पहिल्यांदाच मराठीत, विचारलं, "काका, ही हसतेय का?"

सरांनी मला उत्तर द्यायला लावलं नाही. तास संपल्याची घंटा झाली, तरी मुलं थोडा वेळ बसून राहिली.

समन्वयक बाई जाताना माझ्यापाशी थांबल्या. तुमचा कागद फार वाईट होता, त्या म्हणाल्या, आणि त्याच्याशिवाय हा तास असा झाला नसता. डच लोक अशी दोन वाक्यं एका श्वासात बोलतात आणि आपण कुठल्या वाक्यासाठी आभार मानायचे ते आपल्यावर सोडतात. मी दोन्हींसाठी मानले.

त्या संध्याकाळी मी सरांबरोबर बसथांब्यापर्यंत चाललो. मधे सायकल, तिचा दिवा लागलेला. मी म्हटलं, सर, मला वाटलं मी मदत करतोय. मागून घंटा वाजली, एक आजी आम्हाला ओलांडून गेली. मग ते म्हणाले, "लेखनिक, तुम्ही चांगले आहात. त्याचीच भीती आहे. वाईट माणसाच्या हाती यादी पडली तर ती आहे तशी राहते. चांगला माणूस ती आवरून ठेवतो."

विषय वाचला. बाईंनी वर भांडून तो वाचवला. सर मात्र वाचले नाहीत. निवृत्तीचं वय त्यांनी केव्हाच ओलांडलं होतं आणि शाळेने करार वाढवायचा नाही असं ठरवलं. पुढच्या वर्षी कुणी तरुण डच शिक्षिका येणार होती, रीतसर पदवीवाली. ती पुस्तकातून शिकवील की खोक्यातून, ते तिच्यावर. म्हणजे धोका टळला नव्हता, फक्त सुट्टीपलीकडे गेला होता. सरांनी तक्रार केली नाही. त्यांना फक्त खोक्याची काळजी होती. शाळेचा नियम असा की वर्गखोली सोपवताना तिच्यातल्या वस्तूंची नोंद करून द्यायची, नोंदीत नसलेलं सगळं सुट्टीत साफ होतं. केळ्याचं जुनं खोकं तर सफाईवाल्यांच्या पहिल्या फेरीतच कागदाच्या कचऱ्यात गेलं असतं.

शेवटच्या दिवशी सर म्हणाले, बसा, मी सांगतो, तुम्ही लिहा. मी म्हटलं, बसतो कशाला, चहा टाकतोय, उभ्यानेच लिहितो. त्यांनी दारापासून सुरुवात केली आणि खोलीभर फिरत बोलत गेले. कपाट. फळा. खुर्च्या, एक मोडकी. प्रोजेक्टर. पाठ्यपुस्तकं, उपयोगी. खिडकी, उघडत नाही. मी इंग्रजीत लिहीत होतो. ते टेबलाकडे आले.

"किटली," ते म्हणाले.

मी लिहिलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, दुकानात कापड बघतात तसं. "सहायक, एक."

माझं पेन थांबलं. मी हसलो, ते हसले नाहीत. मी वाट बघितली. ते पुढे गेले होते. "खोकं, कागदांचं." म्हणाले. "नकाशा. सायकलचा पंप."

चेष्टा आहे हे मला कळत होतं. मला पगार होता, घर होतं, चारला मी मोकळा होणार होतो, माझ्या किमतीचा रकाना नव्हता. जुन्या यादीतल्या त्या मुलीला फक्त रकानाच होता. तरी किटलीच्या खाली स्वतःला लिहिताना सवयीने माझ्या मनात आलं की हे निदान वेगळं घ्यावं, वरती, 'कर्मचारी' असं शीर्षक देऊन.

सर पाठमोरे होते. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "क्रम बदलू नका."

मी बदलला नाही. कागदावर त्यांनी सही केली, चहा घेतला, डब्यांची पिशवी उचलली आणि सायकल हातात धरून गेले. दिवा लागलेला होता, भर उन्हाळ्यात.

सुट्टीनंतर नवी शिक्षिका आली. तरतरीत मुलगी, खांद्याला बॅग, हातात नवंकोरं पाठ्यपुस्तक. मी माझ्या जागी चहा करत होतो. समन्वयक बाईंनी तिला सरांची नोंद दिली होती. ती खोलीत उभी राहून नोंदीवरून नजर फिरवू लागली, कपाट आहे, फळा आहे, करत एकेक वस्तू डोळ्यांनी टिपत होती. टेबलापाशी आली. वाचलं, थांबली, पुन्हा वाचलं. किटलीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या बाजूच्या खोक्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलताना मला दिसला.

हातातलं पुस्तक तिने टेबलावर ठेवलं. कागद उलटा करून मागची बाजू बघितली आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?"